‘ऑफेन्डेड’चं डच करताना: एका तक्रार-पत्राचा प्रकरण अभ्यास

नेदरलँड्समधल्या एका कंपनीतली बैठक. कामाची भाषा इंग्रजी, बसलेल्यांपैकी निम्मे डच, उरलेले बाहेरून आलेले. बैठकीत एका मराठी कर्मचारीण बाईंना टीम लीडचं बोलणं लागलं. त्यांनी तक्रार इंग्रजीत लिहिली, कारण तीच सोयीची. पण तक्रार समितीचं कामकाज डचमध्ये चालतं, म्हणून पत्राचं डच भाषांतर करावं लागलं. आइंडहोव्हन, ॲमस्टेलव्हीन अशा ठिकाणी मराठी माणसं नोकरीनिमित्त राहतात, त्यामुळे असला कागद भाषांतरकाराच्या टेबलावर येणं काही नवलाचं नाही. इथलं पत्र नमुना म्हणून रचलेलं आहे, कंपनी आणि माणसं काल्पनिक आहेत. अडचणी मात्र खऱ्या आहेत.

पत्र सात वाक्यांचं:

१. सोमवारच्या बैठकीत ‘आय वॉज डीपली ऑफेन्डेड’.
२. टीम लीड म्हणाला, ‘नो ऑफेन्स, बट धिस इज ॲमॅचर वर्क’, आणि सगळे हसले.
३. ‘आय फेल्ट स्लाइटेड’, कारण सादरीकरण तू करतेस का, एवढंही मला विचारलं नव्हतं.
४. ‘टु ॲड इन्सल्ट टु इन्ज्युरी’, इतिवृत्तात माझं नावच नव्हतं.
५. मी हरकत घेतली तेव्हा तो म्हणाला, तू ‘टू ईझिली ऑफेन्डेड’ होतेस.
६. ‘आय टेक ऑफेन्स ॲट दॅट’.
७. मला कुणाच्या ‘टोजवर स्टेप’ करायचं नाही, पण अशी वागणूक ‘आय रिझेन्ट’.

सात वाक्यांत दुखावल्याच्या आठ जागा. त्यातल्या चार जागी एकच धातू फिरून फिरून येतो: ऑफेन्डेड, ऑफेन्स, ऑफेन्डेड, ऑफेन्स. इंग्रजीत हे खपतं. डचमध्ये चारही ठिकाणी एकच शब्द घातला की पत्र बिघडतं. पहिल्या मसुद्यात नेमकं तेच झालं होतं.

उच्चाराबद्दल एक खुलासा. डच ‘ग’ हा घशातून खरवडून येणारा ‘ख’ असतो, म्हणून इथे तो ‘ख’ लिहिला आहे. शब्दाच्या सुरुवातीचा ‘व्ह’ डच तोंडात बराचसा ‘फ’ होतो, म्हणून तो ‘फ’ असाच लिहिला आहे.

पहिला मसुदा आणि ‘बलेदिख्त’चा सुळसुळाट

शब्दकोशात ऑफेन्डेड शोधलं की समोर येतो ‘बलेदिख्त’. शब्द चुकीचा नाही. त्याच्या पोटात ‘लेत’ आहे, म्हणजे दुःख, क्लेश. ‘बलेदिखन’ म्हणजे अपमान करणे. घोटाळा असा की इंग्रजी ऑफेन्डेड भावनेबद्दल बोलतं, तर बलेदिख्त भावनेबद्दलही बोलतं आणि कृत्याबद्दलही. कुठल्या अर्थाने घ्यायचं ते शेजारच्या सहायक क्रियापदावरून ठरतं.

‘इक वास बलेदिख्त’ म्हणजे मला अपमान वाटला, मी दुखावले होते. ही अवस्था.
‘इक वेर्त बलेदिख्त’ म्हणजे माझा अपमान करण्यात आला. ही घटना, आणि घटना म्हटली की करणारा आला.

मराठीत हा फरक आपण न शिकता पाळतो. ‘मला अपमानास्पद वाटलं’ आणि ‘माझा अपमान झाला’ ही दोन वाक्यं कुणी एकमेकांच्या जागी ठेवत नाही. इंग्रजीतल्या ‘वॉज’ला मात्र डचमध्ये ‘वास’ आणि ‘वेर्त’ अशा दोन वाटा फुटतात. घाईत काम करणारा भाषांतरकार कर्मणी प्रयोग दिसला की सवयीने ‘वेर्त’ लिहून मोकळा होतो. पहिल्या मसुद्यातलं पहिलं वाक्य असंच ‘वेर्त’चं होतं. समितीने ते वाचलं असतं तर अर्थ निघाला असता: या बाईंचा सोमवारी अपमान करण्यात आला. मग पुढचे प्रश्न ठरलेले. कुणी केला? नेमके शब्द काय होते? बाईंनी लिहिली होती भावना, आणि भाषांतराने त्याचा आरोप केला.

‘इक बेन बलेदिख्त’ तर दोन्ही डगरींवर पाय ठेवतं. मी दुखावलेली आहे असाही अर्थ होतो, आणि माझा अपमान झालेला आहे असाही, कारण घटनेच्या वाक्यातलं शेवटचं ‘खवॉर्दन’ डच लोक सहसा गाळतात. मागे ‘दोर’, म्हणजे ‘अमक्याकडून’, आलं की घटना. नाही आलं तर बहुधा अवस्था. तक्रारीच्या कागदात ‘बहुधा’वर विसंबणं बरं नाही.

शिवाय ‘बलेदिखिंग’ हा कायद्यातला शब्द आहे. डच दंडसंहितेच्या कलम 266 खाली साधा अपमान हासुद्धा गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दुसऱ्या श्रेणीचा दंड आहे. अपमान कर्तव्यावरच्या अधिकाऱ्याचा असेल तर शिक्षा वाढू शकते. राजाच्या अपमानासाठी पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती, ती 1 जानेवारी 2020 पासून चार महिन्यांवर आणली गेली. बैठकीतल्या एका टोमण्यावरून कुणी पोलिसांत जाणार नाही, हे खरं. पण समितीवर एखादा कायदेतज्ज्ञ बसलेला असू शकतो, आणि त्याच्या कानाला बलेदिखिंग हे नाम नुसतं ‘वाईट वाटलं’ इतकं हलकं लागत नाही.

कोणता शब्द कुणाच्या बाजूचा

या कामात सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट कुठल्याही कोशात नीट सांगितलेली नसते: दुखावल्याचे डच शब्द बाजू घेतात. काही शब्द दुखावलेल्याच्या तोंडी शोभतात, काही फक्त त्याच्याबद्दल बोलणाऱ्या तिसऱ्याच्या.

आपल्याकडे बघा. ‘मला लागलं’, ‘माझं मन दुखावलं’, ‘ते शब्द मला झोंबले’ हे माणूस स्वतःबद्दल म्हणतो. ‘तो फुगलाय’, ‘ती घुश्श्यात आहे’, ‘त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर’ हे दुसऱ्याबद्दल. ‘मी फुगलोय’ असं कुणी गंभीरपणे तक्रारीत लिहील का? लिहिलं तर वाचणारा हसेल. डचमध्येही अशीच विभागणी आहे. परभाषकाला ती दिसत नाही, कारण कोशात सगळे शब्द ‘ऑफेन्डेड’ या एकाच मथळ्याखाली बसलेले असतात.

‘खक्वेत्स्त’ हा दुखावलेल्याच्या बाजूचा. ‘क्वेत्सन’ म्हणजे जखम करणे, आणि खेळाडूच्या दुखापतीला ‘क्वेत्स्यूर’ म्हणतात. स्वतःबद्दल वापरला तर प्रामाणिक वाटतो आणि वाचणाऱ्याला दुखापत मान्य करायला लावतो.

‘खपिकेर्त’ फ्रेंचमधून आलेला, किंचित टोचल्यासारखा. मराठी ‘खट्टू’ आणि ‘नाराज’ यांच्या मध्ये कुठेतरी. सोबत ‘एन बेत्यस’, म्हणजे थोडंसं, हे छान बसतं. ‘दीप’, म्हणजे खोलवर, अजिबात बसत नाही. खोलवर खट्टू कुणी होत नाही. जोडीला कुठलं क्रियाविशेषण चालतं हे पाहिलं की शब्दाचं वजन कळतं, आणि ही चाचणी कोशातल्या व्याख्येपेक्षा भरवशाची आहे.

‘फरऑनखलैक्त’ हा खरा सापळा. शब्दाची फोड केली तर ‘ज्याच्यावर अन्याय झाला आहे असा’. अन्यायग्रस्त बाईंसाठी याहून योग्य शब्द कुठला, असं वाटेल. पण रोजच्या वापरात त्याला वास आहे रडगाण्याचा. फरऑनखलैक्त माणूस म्हणजे जगाने आपलं घोडं मारलंय अशा चेहऱ्याने वावरणारा. ‘फरऑनखलैक्त स्वर’, ‘फरऑनखलैक्त चेहरा’ अशा जोड्या डच वाचकाच्या डोक्यात पक्क्या असतात. तक्रारदाराने स्वतःला हे विशेषण लावणं म्हणजे समोरच्या पक्षाचं काम आपणच करून देणं.

‘खबेल्ख्त’ आणि ‘फरबॉलखन’ हे वर्तमानपत्री, जुनी झूल पांघरलेले. मंत्री फरबॉलखन होतात, राजदूत खबेल्ख्त होतात. कचेरीतल्या पत्रात हे शब्द जरीची टोपी घालून बसल्यासारखे दिसतात. ‘इन झैन वीक खस्खोतन’, म्हणजे पंखात गोळी लागलेला, हा वाक्प्रचार दिसायला सुंदर, पण तोही दुसऱ्याबद्दल आणि थोडा गालातल्या गालात हसत वापरायचा.

‘फरऑन्तवार्दिख्त’ म्हणजे संतापलेला, अन्याय पाहून चिडलेला. याचा फरक कामाचा आहे: बलेदिख्त माणूस स्वतःवरून होतो, फरऑन्तवार्दिख्त दुसऱ्यावर अन्याय झाला तरी होतो. बैठकीतल्या एखाद्या साक्षीदाराने जबानी दिली आणि तिच्यात इंग्रजी ‘आय वॉज ऑफेन्डेड’ असलं, तर तिथे हा शब्द हवा. साक्षीदार बलेदिख्त झाला असं लिहिलं तर अपमान त्याचाच झाला होता की काय, अशी शंका येते.

आता पायाची बोटं. डचमध्ये दुखावणं पायाच्या बोटांशी जोडलेलं आहे. कुणाच्या ‘तेनन’वर, म्हणजे बोटांवर, पाय देणं म्हणजे त्याला दुखावणं. ज्याची बोटं लांब त्याच्यावर पाय पडायची शक्यता जास्त, म्हणून ‘लांगे तेनन’ असलेला माणूस हळवा, चटकन लागून घेणारा. ‘माझ्या तेननवर पाय पडल्यासारखं वाटलं’ असं माणूस स्वतःबद्दल म्हणू शकतो, थोड्या हलक्या सुरात. पण तेननचं लघुरूप ‘तेंत्यस’ केलं, बोटांची बोटुकली केली, की वाक्याची बाजू पालटते. ‘ऑप झैन तेंत्यस खत्राप्त’ म्हणजे उगाच फुरंगटलेला. एका लघुप्रत्ययाने सहानुभूती जाऊन चेष्टा येते. लघुरूपं डचमध्ये पावलोपावली भेटतात, म्हणूनच ती निष्पाप वाटतात.

पहिलं वाक्य: भावनेकडून शब्दांकडे

‘डीपली ऑफेन्डेड’ला ‘दीप बलेदिख्त’ जमतं, पण ते किंचित नाटकी वाटतं, नाट्यगृहातल्या खानदानी बाईंनी पंखा मिटून म्हणावं तसं. ‘दीप खक्वेत्स्त’ साधं आणि खरं. तक्रारीत याहून सरस मार्ग म्हणजे कर्ता बदलणं: ‘एक टिप्पणी झाली, जिने मला खोलवर दुखावलं.’ डचमध्ये ‘एर इस एन ऑपमर्किंग खमाक्त दी मै दीप हेफ्त खक्वेत्स्त’. भावना राहिली, तिचं कारण हातात आलं, आणि ‘वेर्त’चा प्रश्नच मिटला. इथे मुद्दाम साध्या भूतकाळाऐवजी पूर्ण वर्तमान घेतला आहे. घटना होऊन गेली पण परिणाम अजून आहे, हे डच कानाला त्यातून कळतं.

टिप्पणीला विशेषण लावायचं तर ‘क्वेत्सन्त’ आणि ‘खक्वेत्स्त’ यांत गफलत करू नये. शेवटी ‘-अन्त’ असेल तर दुखावणारी, ‘ख-’ने सुरुवात असेल तर दुखावलेली. ‘खक्वेत्स्त टिप्पणी’ असं लिहिलेले मसुदे प्रत्यक्षात सापडतात; त्यात बिचारी टिप्पणीच दुखावलेली असते.

इंग्रजी ‘ऑफेन्सिव्ह’वरून डच ‘ऑफेन्सीफ’कडे जाऊ नये. तो शब्द सैन्याच्या आणि फुटबॉलच्या चढाईचा. ‘आनस्तोतखेव्हन्त’ही इथे नको: त्याला सभ्यतेच्या भंगाचा, अश्लीलतेचा रंग आहे. चित्र, पोशाख, मजकूर आनस्तोतखेव्हन्त असतो. कामावरची टीका असते क्वेत्सन्त, किंवा समितीच्या भाषेत ‘ऑनखपास्त’, म्हणजे अनुचित.

दुसरं वाक्य: ‘नो ऑफेन्स’ हा पुरावा आहे

बैठक इंग्रजीत झाली, टीम लीड इंग्रजीत बोलला. तेव्हा त्याचे शब्द अवतरणात इंग्रजीच ठेवायचे आणि शेजारी डच अर्थ द्यायचा. कोण काय म्हणालं यावरच वाद असताना मूळ शब्द पुसून टाकणं म्हणजे पुरावा पुसणं. पहिल्या मसुद्यात इंग्रजी गाळून नुसतं डच ठेवलं होतं, तेही ‘तुझा अपमान करायचा नाही, पण’ अशा अर्थाचं. डच माणूस असं क्वचितच बोलतो.

या जागी भाषांचा स्वभाव उघडा पडतो. मराठीत आपण म्हणतो ‘राग मानू नका, पण…’ किंवा ‘वाईट वाटून घेऊ नका, पण…’, म्हणजे विनंती ऐकणाऱ्याला. डच माणूस बोलतो स्वतःच्या हेतूबद्दल: ‘नीत फरकेर्त बदूल्त, मार…’, वाईट हेतूने म्हणत नाही, पण… मित्रांत ‘नीत लुलख बदूल्त’ चालतं; त्यातला ‘लुलख’ पुरुषाच्या गुप्तांगाच्या बाजारू नावावरून आलेला आहे, त्यामुळे समितीच्या कागदात तो शोभत नाही. ‘मेत आले रेस्पेक्त’, म्हणजे पूर्ण आदर राखून, हे डचमध्येही आता पुढे येणाऱ्या टोल्याची घंटाच झालं आहे. निवड केली ती ‘नीत फरकेर्त बदूल्त’ची. त्यात ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला पेचही टळतो, कारण सर्वनामच नाही.

तिसरं आणि चौथं वाक्य

‘स्लाइटेड’ला डचमध्ये ‘झिख खपासेर्त फूलन’ चपखल बसतं: आपल्याला ओलांडून पुढे गेल्याची भावना. सादरीकरण हातात यायला हवं होतं ते आलं नाही, म्हणून खपासेर्त. नुसतं दुर्लक्ष झालं असतं तर ‘खनखेर्त’. हिणवलं असतं तर ‘खक्लैनेर्त’, ज्यात ‘क्लैन’ म्हणजे लहान. शब्दशः लहान केलेला. हे तिन्ही शब्द स्वतःबद्दल निर्धास्त वापरता येतात. शब्द निवडण्याआधी प्रसंगात काय घडलं ते पाहायचं, आणि इथे त्याचं उत्तर वाक्याच्या ‘कारण’नंतरच्या भागात आयतं आहे.

चौथ्या वाक्यात पहिला मसुदा सपशेल आपटला. ‘ॲड इन्सल्ट टु इन्ज्युरी’ शब्दशः उतरवलं होतं आणि ‘इन्सल्ट’ जवळजवळ तसाच राहिला होता. डचमध्ये ‘इन्सुल्त’ म्हणजे अपस्माराचा झटका, डॉक्टरांचा शब्द. ‘इन्ज्युरी’च्या जागी आलेला ‘लेत्सल’ म्हणजे शारीरिक इजा, जो अपघाताच्या भरपाईच्या कागदांत असतो. दोन्ही मिळून वाक्याचा अर्थ झाला: इजा झालीच होती, वर फिट आली.

पर्याय चार, आणि चारांची बाजू वेगळी. ‘तॉत ओव्हरमात फान राम्प’ म्हणजे दुर्दैवावर कडी. गाडी चुकली आणि वर पाऊस आला, तेव्हाचं. यात कुणाचा दोष नसतो आणि थोडी गंमत असते, म्हणून तक्रारीत नको. ‘एन त्राप ना’ म्हणजे पडलेल्याला मागून आणखी एक लाथ. यात हेतुपुरस्सरपणा ठासून भरलेला आहे, आणि इतिवृत्तातून नाव मुद्दाम गाळलं असं बाईंनी कुठेही म्हटलेलं नाही. ‘झाउत इन द वॉन्त स्त्रोयन’ म्हणजे हुबेहूब आपलं जखमेवर मीठ. मराठी माणसाचा हात तिकडेच जाईल, पण मीठ चोळणाराही कुणीतरी असावा लागतो. उरतं ‘अल्सॉफ दात नॉख नीत खनूख वास’, एवढं कमी होतं म्हणून की काय. चव फिकी, पण पत्राएवढंच बोलणारं. तेच घेतलं.

फ्लँडर्सकडची, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागातली, वर्तमानपत्रं अशा जागी ‘काकस्लाख’, म्हणजे थोबाडीत, हा शब्द सढळ हाताने वापरतात. नेदरलँड्सच्या समितीपुढे तो फार जोरात वाजेल.

पाचवं वाक्य, जिथे ‘बलेदिख्त’ला जागा मिळाली

‘तू टू ईझिली ऑफेन्डेड होतेस’ हे टीम लीडचं म्हणणं. मोह होतो ‘लांगे तेनन’चा किंवा ‘तेंत्यस’चा: वाक्य एकदम अस्सल डच होईल, वाचणाऱ्याला माणूस डोळ्यांपुढे दिसेल. पण तो जे बोलला त्यात चेष्टेची मात्रा एवढी नव्हती. ‘लांगे तेनन’ लिहिलं तर आरोप असलेल्या माणसाच्या तोंडी आपण जास्तीचा टोमणा घातला, आणि समिती त्याला विचारील, तुम्ही असं म्हणालात का? तो म्हणेल नाही, आणि त्याचं खरं असेल. मग उरलेल्या पत्रावरचाही विश्वास डळमळतो.

‘लिख्तखराक्त’, हलक्या स्पर्शानेही लागणारा, हा पुस्तकी पण सौम्य शब्द चालला असता. शेवटी घेतलं ‘ते स्नेल बलेदिख्त’, फार लवकर अपमान वाटून घेणारी. पहिल्या मसुद्यात सगळीकडे पसरलेला बलेदिख्त अखेर एकाच जागी उरला, आणि तोही विरुद्ध पक्षाच्या तोंडी.

‘मी हरकत घेतली’साठी डचमध्ये फार सोयीचं वाक्य आहे: ‘इक झै एर इत्स फान’, शब्दशः मी त्याबद्दल काहीतरी म्हटलं. भांडले नाही, पण गप्पही बसले नाही. ‘प्रोतेस्त’ इथे मोर्चासारखा वाटतो.

सहावं आणि सातवं: मनात धरणं

‘आय टेक ऑफेन्स ॲट दॅट’ला कोशातला जोड ‘दार नेम इक आनस्तोत आन’. ‘आनस्तोत’ म्हणजे ठेच लागणे. व्याकरण बरोबर, पण सूर प्रवचनकाराचा. बोलताना डच माणूस म्हणेल ‘दात फिंत इक नीत कनन’, म्हणजे असं चालत नाही, असं मला वाटतं. लक्षात घ्या, त्यात दुखावणं कुठे नाहीच. वागण्याबद्दलचा निकाल आहे. डच लोकांच्या सडेतोडपणाची चर्चा पुष्कळ होते, पण आपल्या दुखावण्याबद्दल बोलताना ते बऱ्याचदा भावनेऐवजी नियमाची भाषा काढतात.

पत्रासाठी मात्र योग्य क्रियापद ‘क्वालक नेमन’. ‘क्वालक’ म्हणजे वाईट, ‘नेमन’ म्हणजे घेणे. मराठीत ‘मनावर घेणं’ आणि ‘मनात धरणं’ यांत जो भेद आहे, तोच डचमध्ये ‘झिख आनत्रेकन’ आणि ‘क्वालक नेमन’ यांत आहे. पहिल्यात बोलणं जिव्हारी लागतं. दुसऱ्यात बोलणाऱ्याच्या नावावर मांडलं जातं. म्हणून त्याला दोन कर्मं लागतात, कोणाला आणि काय: ‘दात नेम इक हेम क्वालक’, याबद्दल मी त्याला दोष देते. ‘हेम’ गाळलं तर वाक्य लंगडतं, आणि इंग्रजीत तो ‘हिम’ नसल्यामुळे नवखे भाषांतरकार तो हमखास गाळतात. ट्राममध्ये कुणाला धक्का लागला की म्हणायचं ‘नेम म नीत क्वालक’, माफ करा, म्हणजे याच क्रियापदाला नकार. तेच शब्द पत्रात गंभीर होतात आणि धक्का लागल्यावर नुसते शिष्टाचाराचे. वाचणाऱ्या डच माणसाला यात काहीच विचित्र वाटत नाही.

सातव्या वाक्यात बोटं पुन्हा येतात, आणि इथे फसगत उलट दिशेने होते. इंग्रजीत ‘स्टेप ऑन समवन्स टोज’ म्हणजे दुखावण्यापेक्षा दुसऱ्याच्या अधिकारक्षेत्रात पाय टाकणं. डच बोटं म्हणजे भावना. शब्दाला शब्द ठेवला तर बाई म्हणताहेत: मला कुणाला दुखवायचं नाही. त्यांना म्हणायचं होतं: मला कुणाच्या कामात लुडबुड करायची नाही. त्यासाठी डचमध्ये ‘फोर द फूतन लोपन’, पायात पायात येणं, किंवा ‘इन हत फारवातर झितन’, दुसऱ्याच्या जलमार्गात होडी घालणं. दुसरा वाक्प्रचार होड्यांच्या देशाला साजेसा आहे, पण त्यात चुरशीचा वास येतो. पहिला घेतला.

‘रिझेन्ट’ला डचमध्ये एकशब्दी क्रियापद नाही. नामं आहेत: ‘व्रॉक’, ‘रान्क्यून’, ‘रेसेन्तिमेन्त’. तिन्ही इतकी जड की लिहिणारी सूड घ्यायला निघालीय असं वाटावं. ‘क्वालक नेमन’ मागच्या वाक्यात वापरून झालं. इथे उपयोगी पडतं ‘हत स्तेक्त मै दात…’. ‘स्तेकन’ म्हणजे टोचणे, डंख मारणे. मराठीत याला तंतोतंत शब्द आहे: सलणे. ‘मला अशी वागणूक दिली जाते हे सलतं.’ शब्द छोटा, आवाज न चढवणारा, स्वतःबद्दल वापरायला योग्य. आठही जागांमध्ये ही एकच अशी की जिथे मराठीतून डचमध्ये जाणं इंग्रजीतून जाण्यापेक्षा सोपं आहे.

तपासणी

दुसरा मसुदा तयार झाल्यावर त्याला तीन प्रकारे हात लावला. एक, प्रत्येक शब्दापुढे ‘इक’, म्हणजे मी, ठेवून डच मातृभाषेच्या वाचकाला मोठ्याने वाचायला लावलं. जिथे त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं तो शब्द दुसऱ्याच्या बाजूचा. दोन, डचमधून इंग्रजीत उलट भाषांतर, पण मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून. उलट भाषांतरात ऑफेन्डेड चारदा यायची अपेक्षा नव्हती आणि ते आलंही नाही. पाहायचं होतं ते आरोपाचं वजन वाढलं का एवढंच. तीन, लायडनच्या डच भाषा संस्थेच्या शब्दसंग्रहांत प्रत्येक जोडी शोधून पाहिली, म्हणजे ‘दीप’सोबत खक्वेत्स्त येतं का, ‘लिख्तलक’, म्हणजे किंचित, सोबत खपिकेर्त येतं का. तिसरी पायरी वेळखाऊ आहे. घाई असेल तर तिसरी सोडा, पहिली कधीच सोडू नका.

उत्तर आलं तेव्हा

भाषांतराचं काम उत्तर येईपर्यंत संपत नाही, कारण उत्तर डचमध्ये येतं आणि बाईंना ते इंग्रजीत हवं असतं. समितीचं उत्तर दोन वाक्यांचं: ‘द ऑपमर्किंग वास नीत झो बदूल्त. वै फिंदन हत फरफेलन्त दात यू झिख खक्वेत्स्त फूल्त.’

पहिलं वाक्य पुन्हा हेतूचं: तसं म्हणायचं नव्हतं. दुसऱ्यात ‘फरफेलन्त’ आहे, आणि कोश त्याचा अर्थ देतो ‘ॲनॉइंग’ किंवा ‘बोअरिंग’. उचलून तोच शब्द ठेवला तर बाईंच्या हातात पत्र पडतं की तुम्ही दुखावलात हे आम्हाला वैतागवाणं वाटतं. याने प्रकरण शमायच्या ऐवजी दुप्पट पेटतं. डचमध्ये ‘हत फरफेलन्त फिंदन’ म्हणजे एखाद्या गोष्टीचं वाईट वाटणं.

उलट बाजूला जाऊन ‘वी आर सॉरी’ लिहिलं तर समितीने न मागितलेली माफी भाषांतरकार मागून टाकतो. खरी माफी असती तर मूळ पत्रात ‘स्पैत’ किंवा ‘एक्स्क्यूझस’ असतं, आणि यांतला एकही शब्द त्यात नाही. त्यातही ‘तुम्हाला दुखावलं’ असं नसून ‘तुम्हाला दुखावल्यासारखं वाटतं’ असं आहे. ते ‘फूल्त’ भाषांतरात गाळून चालत नाही. म्हणून इंग्रजीत ‘वी रिग्रेट दॅट यू फील हर्ट’ लिहिलं, आणि बाईंसाठी समासात एक ओळ जोडली: मूळ पत्रात खेद आहे, माफी नाही.